पुरेशी शाळा

ओळंब्याने बांधलेल्या भिंतीवर पालसुद्धा वाकडी चालत नाही, असं अलीकडच्या गावात सांगत, आणि सांगणाऱ्याच्या तोंडावर जरासुद्धा हसू नसे. गवंडी होता तो. दोरीला टांगलेलं लोखंडी वजन म्हणजे ओळंबा; भिंत उभी आहे की कलली ते त्यावरून कळतं. ते वजन वीस वर्षं त्याच्या खिशात लोंबत होतं, म्हणून लोकांनी त्यालाच ते नाव दिलं आणि खरं नाव मतदारयादीत पडून राहिलं. दुसऱ्याच्या घरी गेला तर आधी भिंतीवरचा आरसा सरळ करायचा, मग बसायचा. झोपायचाही असा ताठ, की लग्नानंतर पहिले आठ दिवस बायको मधूनमधून त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची.

गावची शाळा त्याच्या हातची. चौदा वर्षांपूर्वी सरकारने शाळा मंजूर केली, बाई पाठवल्या, छपराचे पत्रे पाठवले आणि भिंती पाठवायच्या विसरलं. तेव्हा गावाने विटा जमवल्या आणि हा गडी अख्खा उन्हाळा एक पैसा न घेता भिंती चढवत राहिला. एक लांबलचक खोली, शेजारी एक छोटी. चौदा पावसाळ्यांत त्या भिंतींना केसाएवढी चीर पडली नाही.

ओढ्यापलीकडच्या गावालाही त्याच वर्षी तेच मिळालं होतं. त्यांनी मात्र बोट हलवलं नाही. मातीच्या भिंती घातल्या, दोन पावसात त्या बसल्या, आणि पुढे शाळा झाडाखाली आणि शेळ्या शाळेत, अशी सोय झाली.

आता गंमत बघा. दर तीन वर्षांनी वरून एक फॉर्म यायचा. त्यात एक ओळ होती: शाळेची इमारत पुरेशी / अपुरी, नको ते खोडा. अलीकडे साहेब यायचा, भिंतीवर थाप मारायचा, ‘अपुरी’ खोडायचा आणि चहा पिऊन जायचा. पलीकडे शेळ्या मोजायचा आणि ‘पुरेशी’ खोडायचा. निधी अपुऱ्यांना. असं तीनदा झालं, आणि चौथ्या खेपेला पलीकडे तीन खोल्यांची नवी शाळा उभी राहिली. निळे पत्रे, खाली फरशी, आणि मुलांच्या उंचीला लावलेले ओळीने सहा नळ.

ओळंब्याला हे सगळं आधी बायकोच्या तोंडून कळलं. तिची थोरली बहीण पलीकडे दिलेली. बहिणीचा नवरा, म्हणजे ओळंब्याचा साडू, रंगारी होता, आणि शाळा रंगवायचं काम त्यालाच मिळालं होतं. थोरली रोज फोन करून सांगे: आज फळा आला, आज पंखे आले, आज नळाला पाणी आलं. बायको ते जेवताना सांगे, आणि ओळंबा पुढ्यातलं ताट सरळ करत बसे.

एकदा ती म्हणाली, “सहा नळ आहेत म्हणे.”

“ऐकलं.”

“सहाही चालतात.”

“जेवू देशील का?”

त्या उन्हाळ्यात मोठ्या बाईंनी पालकांना बोलावून एक गोष्ट सांगितली, आणि सगळ्याला तोंड फुटलं. दोन गावांत मिळून एक आठवी मंजूर होणार होती. आठवीला वेगळी खोली हवी, असा निकष. पलीकडे नव्या इमारतीत तिसरी खोली रिकामी होती. अलीकडे लांब खोलीत पहिली ते पाचवी, छोटीत सहावी-सातवी, आणि आठवीला बसायला फक्त पायरी. आणखी एक खोली बांधायला निधी लागेल, आणि आपली शाळा पुरेशी असल्यामुळे तो मिळणार नाही, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. बाई चौदा वर्षं त्याच शाळेत होत्या. शांत राहणं त्यांना जमायला लागलं होतं.

ओळंब्याच्या मुलीची नुकतीच सातवी झाली होती. ओढ्याला दोन महिने पाणी असतं, तेव्हा पलीकडे रोज जाणं येणं होत नाही. याआधी ज्या मुली ओढा ओलांडून पुढच्या गावांत शिकायला निघाल्या त्या पहिल्या पावसाळ्यात घरी बसल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांची लग्नं झाली. नाहीतर मग एकच वाट होती: मुलगी मावशीकडे राहायला ठेवायची.

त्या सभेतून बाहेर पडताना पिठाच्या चक्कीवाल्याने ओळंब्याला गाठलं. हा चक्कीवाला शाळा समितीचा अध्यक्ष. पापण्यांपर्यंत पांढरा, त्यामुळे रागावला तरी कुणाला कळत नसे. तो म्हणाला, “ओळंब्या, तुझ्या भिंतींनी घात केला बघ आपला.”

लोक हसले. ओळंबाही हसला, पण त्याचे कान तापले. पुढच्या आठ दिवसांत ते वाक्य गावभर झालं. ज्या पोराच्या बापाने एक वीट उचलली नव्हती तोही रस्त्यात थांबवून म्हणू लागला, जरा कच्ची बांधली असतीस तर काय बिघडलं असतं? चौदा वर्षं ज्याला लोक वाकून नमस्कार करत तो माणूस आता गल्लीच्या कडेकडेने चालू लागला.

अशातच साडूचा निरोप आला: घरावर पाण्याची टाकी बसवायची आहे, कट्टा बांधून द्या, येताना सगळेच या. गवंड्याला काम म्हणजे काम. तो, बायको आणि मुलगी सकाळीच ओढा ओलांडून गेले. दुपारपर्यंत कट्टा झाला. हात धुतोय तोवर साडूने त्याचा दंड धरला आणि नवा जावई दाखवायला न्यावं तसं त्याला शाळा दाखवायला नेलं.

साडू वाईट माणूस नव्हता. पण त्याचं सुख गप्प बसणारं नव्हतं. भिंतीवर रंगवलेली बाराखडी दाखवून झाली, जगाचा नकाशा दाखवून झाला. मग त्याने सहाही नळ एकदम सोडले आणि धबधब्यापुढे उभं राहिल्यासारखा उभा राहिला. मुलीने एकेक करत सहाही नळांचं पाणी पिऊन बघितलं. पाणी एकच होतं, पण तिने सहाव्यापर्यंत थांबायचं काही नाव घेतलं नाही.

साडू फळा दाखवायला आत वळला तशी ओळंब्याने खिशातलं वजन काढलं आणि गुपचूप भिंतीला लावलं. तीन बोटं तरी कललेली असणार, अशी त्याची खात्री होती. सरकारी काम, घाईचं काम, कंत्राटदाराचं काम. वजन हललं, थांबलं. भिंत सरळ होती. त्याने दुसऱ्या भिंतीला लावलं. तीही सरळ. फरशी टोचली नव्हती, पंखे टोचले नव्हते, नळही नाहीत, पण ही गोष्ट त्याच्या काळजात वीट पडावी तशी पडली.

“काय, बरं आहे ना काम?” साडूने मागून विचारलं.

“बरं आहे.”

“मुलीला इकडेच ठेवा, साडूभाऊ. आठवी इथंच येणार. एकीच्या दोन झाल्या तर आमच्या घराला जड नाही. कपडेलत्तेही आहेत आमच्या मुलीचे, ती वापरत नाही ते.”

बायको दारात उभी होती. तिने ते ऐकलं. परतीच्या वाटेवर ओढ्यात पाय घातल्यावर ती म्हणाली, “मी तिचे जुने कपडे घालून मोठी झाले. शेवटचा फ्रॉक गुडघ्याला ठिगळ लावलेला होता, आणि ते ठिगळही तिच्या आधीच्या फ्रॉकचं होतं. माझी मुलगी त्या घरात राहणार नाही.”

“मग घरी बसवू?”

“असं मी म्हटलं का?”

मुलगी पुढे चालत होती. ती मागे न वळता म्हणाली, “बाबा, आपल्या शाळेला का नाही मिळत?”

“आपली पुरेशी आहे.”

“कुणाला?”

ओळंबा झपाझप चालू लागला. घरी आल्यावर पाय न धुता तो चक्कीवर गेला. चक्कीच्या आवाजात कुजबुजता येत नाही, त्यामुळे जे ठरलं ते ओरडून ठरलं. गुरुवारी आठवीसाठी इंजिनिअर बाई शाळा तपासायला येणार होत्या. त्याआधी शाळा अपुरी व्हायला हवी. चक्कीवाला म्हणाला की गावातल्या कुणालाही सांगितलं असतं, पण ती भिंत दुसऱ्या कुणाच्या घणाला दाद देणार नाही. ज्याने बांधली त्यानेच पाडली पाहिजे.

ते काम त्याने रविवारी भर दुपारी केलं, मोठ्या बाई आपल्या गावी गेल्या होत्या तेव्हा. बायको बरोबर होती. लग्न झाल्यापासून तीच त्याच्या हाताखाली विटा देत आली, आता काढलेल्या विटा न्यायला दुसरं कोण येणार? ऊन असं होतं की पत्र्याचं छप्पर आपोआप कडकड वाजत होतं. लांब खोलीच्या बाहेरच्या भिंतीपुढे तो उभा राहिला. छन्नी टेकवली, हातोडी उचलली, आणि खाली घेतली.

“काय झालं?”

“बघतोय, कुठून धरायचं.”

“पाडायचीच आहे ना? कुठूनही धरा.”

तीन वेळा हातोडी उचलली आणि तीन वेळा ठेवली. चौथ्या वेळी त्याला डोळ्यांपुढे ते नळ दिसले, एकदम सोडलेले सहाच्या सहा, आणि पुढचा घाव बरोबर बसला. पहिली वीट निघाली ती आतून लाल आणि कोरडी, भट्टीतून कालच काढल्यासारखी. बायकोने ती हातात घेऊन बघितली आणि बाजूला रचली.

ठरलं होतं ते असं: मोठी वाकडीतिकडी भेग पाडायची, खाली चार विटांचा ढीग सोडायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं भिंत आपोआप फुटली. पण तासाभराने ओळंबा थांबला. वरच्या विटा आता नुसत्या एकमेकींच्या भरवशावर होत्या. शाळा उघडली की याच भिंतीला टेकून पहिलीची मुलं बसायची.

“वरून आली एखादी, तर?” तो म्हणाला.

“तर मग नका पाडू.”

ते त्याला जमणारं नव्हतं. तो घरी गेला आणि गोठ्याच्या जुन्या छपरातली एक जाड तुळई खांद्यावर घेऊन आला. दोघांनी मिळून ती भेगेच्या वर आडवी बसवली, म्हणजे वरचा भार तिच्यावर येईल. त्याने ती पाणसळ लावून, म्हणजे आडवी पातळी बघायची पट्टी ठेवून, बसवली. वाकडी बसवली असती तर भार एका अंगाला गेला असता. तुळई सरळ बसल्यावर तिच्याखालच्या दोन कडा डोळ्याला टोचू लागल्या. डाव्या कडेला एक अर्धी वीट पुढे आली होती, ती त्याने छाटली. मग उजवी बाजू डावीशी जुळेना, म्हणून तिकडच्या दोन छाटल्या. खाली उंबऱ्याशी मुलांचे पाय अडकतील म्हणून तिथली रांग सारखी केली. अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या, नाकातोंडात लाल धूळ, आणि हात मात्र थांबायला तयार नव्हते. उन्हं उतरता उतरता त्याने खिशातलं वजन दोन्ही कडांना लावून बघितलं, सवयीने.

बायको चार पावलं मागे जाऊन बघत होती. तिने आधी तोंडावर हात धरला, मग तो काढला आणि पोट धरून हसायला लागली.

“अहो, हे भगदाड आहे की दार?”

ओळंबाही चार पावलं मागे आला. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. कोपरे काटकोनात.

“भगदाडच आहे,” तो म्हणाला. “मोठं आहे जरा.”

कडा बिघडवायला तो पुन्हा पुढे गेला. हातोडी उचलून बराच वेळ उभा राहिला. मग खाली ठेवली आणि विटा उचलू लागला. सांगणारे सांगतात की त्याने तीनदा वाकडा घाव घातला आणि तीनही वेळा वीट सरळ तुटली. पण तिथे बायकोखेरीज कुणी नव्हतं, आणि ती अजून नुसती हसते.

सोमवारी मोठ्या बाई आल्या, त्यांनी भिंत बघितली, ओळंब्याकडे बघितलं, आणि हजेरीपट उघडून बसल्या.

गुरुवारी इंजिनिअर बाई आल्या. वयाने लहान, पायात मातीने भरलेले बूट, पाठीवर पिशवी. त्यांनी चहाला नको म्हटलं, तिथेच चक्कीवाल्याचा जीव अर्धा झाला. लांब खोली मापली, छोटी मापली, हजेरीपटावरून मुलं मोजली, मग त्या भगदाडापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

चक्कीवाला पुढे झाला आणि रडवेल्या आवाजात सांगू लागला की गेल्या आठवड्यात वारं सुटलं होतं, भिंत जुनी, एकाएकी कोसळली, नशीब मुलं नव्हती.

इंजिनिअर बाईंनी पिशवीतून पाणसळ काढून कडेला लावली. मग तुळईला लावली. मग दुसऱ्या कडेला.

“वारा शिकलेला दिसतो,” त्या म्हणाल्या. “मिस्त्री कोण?”

ओळंबा गर्दीत मागे होता. सगळ्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो पुढे आला नाही तरी तोच पुढे उभा असल्यासारखा दिसला.

“तुम्ही पाडलंत?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण इंजिनिअर बाईंचा अंगठा कडेवरून खाली सरकत होता आणि कुठेच अडकत नव्हता, आणि ते बघून त्याच्या तोंडातून नको ते निघून गेलं. “हो,” तो म्हणाला.

चक्कीवाल्याने डोळे मिटले.

इंजिनिअर बाई लिहू लागल्या, लिहिता लिहिता मोठ्याने सांगू लागल्या. ही लांब खोली दोन वर्गांएवढी आहे. मधे पडदी, म्हणजे पातळ भिंत, घातली की एक वर्ग जास्तीचा होतो. आजवर होत नव्हता, कारण दार एकच होतं, मागच्या अर्ध्यातल्या मुलांना बाहेर पडायला वाट नव्हती. आता वाट झाली, आणि पडदीत एक वाट सोडली की दोन्ही वर्गांना दोन-दोन होतात. आठवीची सोय आहे. भिंती उत्तम. त्यांनी फॉर्म उलटा केला, ती ओळ शोधली आणि ‘अपुरी’ हा शब्द एका रेघेत खोडला.

“म्हणजे निधी?” चक्कीवाल्याने विचारलं.

“पुरेशीला निधी नसतो.”

“आणि आठवी?”

“आठवी इथे. पलीकडे मी काल गेले होते. खोल्या चांगल्या आहेत, पण प्रत्येकीला एकच दार. यंदापासून मोठ्या वर्गाला दोन लागतात.”

मग मोठ्या बाई हसल्या, चौदा वर्षांत पहिल्यांदा आवाज करून, आणि मग सगळं गाव हसलं. चक्कीवाल्याने ओळंब्याला मिठी मारली तेव्हा ओळंबाही पांढरा झाला. मुलगी त्या नव्या वाटेने आतून बाहेर आणि बाहेरून आत अशी चार वेळा गेली. त्या दिवशी ओळंबा गल्लीच्या मधून चालत घरी आला.

आठ दिवसांत त्याने मधे वाट सोडून पडदी बांधून दिली. भगदाडाला दार नव्हतं, तिथे पोतं लावलं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी साडू आला, आपल्या मुलीचं नाव आठवीत घालायला. तिला रोज ओढा ओलांडून यावं लागणार होतं आणि पाणी आलं की इथेच राहावं लागणार होतं. ते मागताना तो खालच्या मानेने उभा राहील, असं चित्र ओळंब्याने आठ दिवस मनात रंगवलं होतं.

साडूने विचारलंही. ओळंब्याने हो म्हटलं, बायकोने हो म्हटलं, आणि मावशीच्या घरचे जुने कपडे आमच्या मुलीला नकोत, असंही ती गोड आवाजात म्हणून मोकळी झाली. इथवर सगळं मनासारखं झालं. मग साडू शाळेपाशी गेला, पोत्याची कड दोन बोटांनी उचलून बघितली आणि सोडून दिली.

“दार नाही का बसवत?”

“बसवू.”

“आमच्याकडे येतायत. तीन खोल्यांना तीन. दारांच्या बाबतीत आम्ही अपुरे निघालो ना, लगेच मंजूर झाली. सागवानी आहेत म्हणे, पितळी कड्यांची.” त्याने पोत्याकडे पुन्हा एकदा बघितलं. “पण हेही चालतं. वारा येतो.”

साडू वाईट माणूस नव्हता, हे वर सांगितलंच आहे.

ओळंबा घरी आला. आठवी मिळाली होती, मुलगी घरात राहणार होती, थोरलीची मुलगी त्याच्या घरी येणार होती; आणि त्याच्या छातीत सागवानी, पितळी कड्यांची तीन दारं एकामागून एक उघडझाप करत होती. तो उंबऱ्याशी थांबला. मग आत गेला, पटाशी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला, आणि आपल्या घराच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या खोलू लागला. ते दार त्याने लग्नाच्या वर्षी स्वतः घडवलं होतं.

बायको पीठ मळता मळता बाहेर आली, हात तसेच भरलेले. मुलगी तिच्या मागे. दार खाली उतरलं. त्याने ते पाठीवर घेतलं आणि कमरेत वाकून चालू लागला. चौकटीतून घराच्या आतलं सगळं रस्त्यावरून दिसत होतं: चूल, भांडी, दोरीवरचे कपडे.

शाळेपाशी मुलीने पोतं काढलं. ओळंब्याने दार उभं करून त्या मोकळ्या जागेत सरकवलं आणि त्याचा हात तसाच थांबला. ना वर फट, ना बाजूला. रंधा फिरवायची गरज नव्हती. त्या रविवारी हात आपल्या मनाने जे माप घेत होते ते कुठलं, हे त्याला आता कळलं.

त्याने कडेच्या विटांत लाकडी खुंट्या ठोकून बिजागऱ्या बसवल्या. बायको मागून चालत आली होती. तिने दार ढकलून बघितलं. आवाज न करता उघडलं.

“आणि आपल्या घराला काय लावायचं?”

ओळंब्याने खाली पडलेलं पोतं उचललं, झटकलं आणि तिच्या हातात दिलं.

“आपल्याकडे कोण येतंय तपासायला?” तो म्हणाला. “आणि आलं तर चांगलंच. अपुरं म्हणून लिहून घेऊ.”